परत आलेल्या मुलाची पहिली रात्र

संध्याकाळची हजेरी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा आकडा एकाने कमी भरला. तिसऱ्यांदा मोजायला अधीक्षक स्वतः उठले. मुलं पंगतीला बसलेली, आमटी वाढून झालेली, आणि एकही हात ताटाकडे जात नव्हता. मोठ्यांना जे आत्ता कळत होतं ते मुलांना बहुधा दुपारपासूनच माहीत होतं. रविवारी गोष्टी वाचून दाखवायला मी त्या बालगृहात जात असे, म्हणून त्या संध्याकाळी तिथे होतो. मुलगा अकरा वर्षांचा. त्याचं नाव मी लिहिणार नाही. कायदा तसं सांगतो, आणि कायद्याने सांगितलं नसतं तरी लिहिलं नसतं.

"पळाला," रात्रपाळीचे काळजीवाहक म्हणाले. त्या एका शब्दाने माझा अजूनही पिच्छा सोडलेला नाही.

आपल्या आळीतलं अकरा वर्षांचं मूल दिवेलागणीला घरी आलं नाही तर आपण म्हणतो, मूल हरवलं. माणसं बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात, विहिरीत डोकावतात, शेजारीण आईच्या पाठीवर हात ठेवून बसते. तेच मूल बालगृहातून दिसेनासं झालं की ते पळालेलं असतं. हरवलेल्याची काळजी वाटते, पळालेल्याचा राग येतो. दोघांचं वय तेच, बाहेरचा अंधार तोच, स्टेशनावर गोड बोलून जवळ येणारा माणूसही तोच. तरी शब्द बदलला की शोधणाऱ्याची चाल बदलते.

कायद्याने हा फरक ठेवलेला नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण, याची व्याख्या आहे. त्या व्याख्येत हरवलेलं मूल आणि पळून गेलेलं मूल एकाच उपकलमात शेजारी शेजारी आहेत. म्हणजे संरक्षणात असलेलं मूल निघून गेलं तर त्याचा हक्क संपत नाही, उलट त्याला तो हक्क मिळण्याचं आणखी एक कारण तयार होतं. कामकाजात मुलाबद्दल आरोपाचे किंवा कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, हे तर त्या कायद्याच्या मूलतत्त्वांमध्येच लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगितलं की मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. 'येईल दोन दिवसांत' या वाक्याला तेव्हापासून कायद्यात जागा उरलेली नाही. बोलण्यात मात्र ती आहे.

त्या संध्याकाळी पुढच्या तासाभरात जे झालं ते बरंचसं नीट झालं, हे सांगायला हवं. सगळ्यात आधी आत शोधलं. गच्ची, पाण्याची टाकी, कोठीघर, संडासांची रांग, गाद्या रचलेली खोली. बाहेरच्याला वाटतं की यात वेळ फुकट जातो, पण अनुभवी माणूस आधी आतच बघतो. मूल रुसून, घाबरून लपलेलं असू शकतं, आणि त्याने स्वतःला काही करून घेतलं असण्याची शक्यताही असते. ती शक्यता तोंडाने कोणी उच्चारत नाही, पण टाकीचं झाकण उघडताना सगळ्यांच्या मनात तीच असते. मग पोलीस ठाणं. अंगावर कोणते कपडे, कानामागचा व्रण, कुठल्या गोळ्या चालू आहेत. हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण मिरगीची गोळी चुकलेलं मूल रस्त्यावर किती वेळ सुखरूप राहील याचा हिशेब वेगळा असतो. फोटो अलीकडचा हवा. त्या बालगृहात त्याचा फोटो दाखल झाला त्या दिवशीचा होता, दोन वर्षांपूर्वीचा, डोक्यावर नुकतंच मशीन फिरवलेलं. त्या फोटोवरून त्याला मीही ओळखलं नसतं.

नियम सांगतात ते साधंच आहे. मूल जिथे जाण्याचा संभव आहे तिथे माणसं पाठवा, स्टेशन आणि एसटी स्टँड बघा, आईवडील किंवा पालक असतील तर त्यांना ताबडतोब कळवा, पोलिसांना वर्णनासह कळवा, बाल कल्याण समितीला अहवाल द्या, आणि हे कसं घडलं याची चौकशी करा. १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत एका प्रकल्पातून सुरू झाला आणि आज देशभर लागतो. तिथे कळवलं की रेल्वेच्या हद्दीतही खबर जाते. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जायला हवा. या सगळ्यात एक गोष्ट मात्र करायची नसते, आणि हल्ली नेमकी तीच आधी होते. मुलाचा फोटो, नाव आणि 'अमुक बालगृहातून पळालेला' असा मजकूर व्हॉट्सॲपच्या गटांवर सुटतो. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाच्या हितासाठी समिती परवानगी देऊ शकते, पण तो निर्णय विचार करून घ्यायचा असतो. मूल आठवड्याने सापडतं, संदेश वर्षानुवर्षं फिरत राहतो. ते मूल सतरा वर्षांचं होऊन कुठे कामाला लागतं तेव्हाही कुणाच्या तरी मोबाइलमध्ये तो 'पळालेला'च असतो.

एवढं सगळं शोधण्याबद्दल झालं. परत आणल्यावर काय करायचं, याबद्दल मात्र त्या रात्री कोणाच्याच मनात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. मूल सापडणं हाच शेवट असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

या समजुतीला इतिहास आहे. ज्या जागांना आपण आज बालगृह म्हणतो, त्यांतल्या काही जन्माने तुरुंगाच्या बहिणी आहेत. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा सुरू झाली. १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा कायदा आला, आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी. उमरखाडीतलं बालगृह तर ज्या वास्तूत आहे तो जुना डोंगरीचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर तिथे १०१ दिवस होते, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहून ठेवलं. कैद्याला आत ठेवण्यासाठी बांधलेल्या भिंतीच्या आत पुढे मुलांच्या गाद्या घातल्या गेल्या. भिंतीची उंची कमी करावी असं कोणाच्या मनात आलं नसेल. 'रिमांड होम' हा शब्द कायद्यातून कधीच गेला, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आजही तोच सांगावा लागतो.

अशा वास्तूत नोकरी करणाऱ्या माणसाचं भयही समजून घ्यायला हवं. मूल गेलं की दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस येते. मुलं आत दुःखी आहेत म्हणून नोटीस आल्याचं मी कधी ऐकलं नाही, एक मूल बाहेर आहे म्हणून येते. रात्री एका माणसावर दोन-दोन खोल्यांची जबाबदारी असते आणि त्याने दाराला बाहेरून कडी घातली तर त्याला मी एकदम दोष देऊ शकत नाही. पण त्या कडीचं पुढे काय होतं, ते एका देशात जगाने पाहिलं आहे.

ग्वाटेमालाच्या राजधानीजवळ सान होसे पिनुला इथे सरकारचं एक मोठं निवासी बालगृह होतं. त्याच्या नावातच 'सुरक्षित गृह' होतं. तिथे मुलांची गर्दी होती आणि मारहाणीच्या, अत्याचाराच्या तक्रारी आधीपासून होत्या. ७ मार्च २०१७ रोजी तिथली अनेक मुलं-मुली निघून गेली. पोलिसांनी त्यांना शोधलं, पकडलं, परत आणलं. म्हणजे शोधमोहीम यशस्वी झाली. मग परत आणलेल्या ५६ मुलींना रात्री एका वर्गखोलीत कोंडलं, दाराला कुलूप घातलं, बाहेर पहारा बसवला. सकाळी त्या संडासला जाऊ द्या म्हणून ओरडत होत्या. दार उघडलं नाही. तेव्हा आत एका गादीला आग लावली गेली, दार उघडावं म्हणून. किल्ली बाहेरच्यांकडे होती. कुलूप निघायला सुमारे नऊ मिनिटं लागली. ४१ मुली गेल्या. तो ८ मार्चचा दिवस होता, जागतिक महिला दिन. २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने सहा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं.

मी ही हकिगत वाचली तेव्हा बराच वेळ त्या नऊ मिनिटांपाशी थांबलो. नंतर वाटलं, थांबायला हवं ते आदल्या संध्याकाळपाशी. त्या मुली जिवंत, धडधाकट, मोजून परत आल्या होत्या. त्या क्षणी तिथल्या नोंदवहीत आकडा बरोबर भरला असणार. त्यांच्या जिवाला धोका बाहेर असताना होताच, पण त्यातून त्या तरून आल्या, आणि जिथे परत आणलं तिथे गेल्या. त्या रात्री एका तरी मुलीला कोणी विचारलं असतं का, की बाई, तू का गेलीस?

आपल्या कायद्यात हा प्रश्न आहे, आणि तो मला त्या कायद्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. कलम २६ हे विधिसंघर्षग्रस्त मुलांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे आणि जी निरीक्षणगृहातून किंवा विशेष गृहातून निघून गेली आहेत त्यांच्यासाठी. अशा मुलाला ताब्यात घेतल्यावर चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. मंडळाने ते मूल का गेलं याची कारणं जाणून घ्यायची. मग त्याला त्याच संस्थेत परत पाठवायचं की दुसरीकडे, हे ठरवायचं. आणि शेवटी: या जाण्याबद्दल मुलावर वेगळी कार्यवाही करायची नाही. मोठा माणूस कोठडीतून पळाला तर तो आणखी एक गुन्हा. मुलाचं पळणं गुन्हा नाही. आरोप असलेल्या मुलाच्या बाबतीत कायदा इतका समंजस असेल, तर जे मूल केवळ अनाथ आहे, सोडलेलं आहे, मार खाऊन आलेलं आहे, त्याच्या बाबतीत आपण त्याहून कठोर कसे होऊ शकतो?

या क्रमात 'कारणं जाणून घ्या' आधी आहे आणि 'परत पाठवा' नंतर. प्रत्यक्षात तो बहुतेक ठिकाणी उलटा होतो. मूल आधी संस्थेत येतं, ज्यांच्या धाकाने गेलं असेल त्यांच्याच हाती दिलं जातं, त्यांच्याच समोर त्याला विचारलं जातं, आणि ते मान खाली घालून म्हणतं, "चूक झाली." जबाब पूर्ण होतो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी याच्यासाठी एक रीत घालून दिली. मूल परत आल्यापासून ७२ तासांच्या आत त्याच्याशी कोणीतरी सविस्तर बोलायचं, आणि बोलणारा माणूस त्या निवासाशी संबंध नसलेला असायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या रॉदरहॅम शहराबद्दलचा अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात तिथे सुमारे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचा त्यात अंदाज होता. त्यांतली काही मुलं वारंवार घरातून, निवासांतून बेपत्ता होत होती, आणि यंत्रणेला ती मुलं संकटात दिसण्याऐवजी त्रासदायक दिसत होती.

माझं म्हणणं असं आहे की ज्याला दुसरा कुठलाच अर्ज करता येत नाही, ते मूल पायांनी अर्ज करतं. तक्रारपेटी भिंतीवर असते, पण तिची किल्ली ज्याच्या कमरेला असते त्याच्याबद्दलच तक्रार असेल तर चिठ्ठी कुठे टाकायची? ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या देवरिया इथल्या एका आश्रयगृहातून दहा वर्षांची एक मुलगी निसटली आणि पोलिसांपर्यंत पोचली. आत काय चालतं ते तिने सांगितलं. त्या रात्री तिथून २४ मुलींना बाहेर काढण्यात आलं. त्या संस्थेची मान्यता आधीच रद्द झालेली होती, तरी मुली तिथेच होत्या. जे काम अधिकृत यंत्रणेकडून वर्षभर झालं नव्हतं ते दहा वर्षांच्या पायांनी एका दिवसात केलं. संस्थेच्या वहीत तिच्या नावापुढेही शेरा तोच पडला असता, 'पळून गेली.' तिचं बोलणं ऐकून घेणारं कोणी ठाण्यात भेटलं म्हणून तो शेरा उरला नाही.

सगळीच मुलं अत्याचारापासून पळत नाहीत, हेही तितकंच खरं. पुष्कळशी कारणं इतकी लहान असतात की अहवालात लिहायला अधिकाऱ्याला संकोच वाटावा. मोठ्या मुलांची दादागिरी. झोपेत अंथरूण ओलं होतं आणि सकाळी सगळ्यांसमोर गादी उन्हात टाकावी लागते. व्हाइटनर किंवा सोल्यूशन हुंगण्याची सवय सुटताना जीव कासावीस होतो आणि रात्री जवळ बसणारं कोणी नसतं. आई कुठल्या पुलाखाली राहते ते नक्की माहीत आहे आणि ती आता तिथे असेल का, हे बघायचं आहे. आणि सर्वांत जास्त वेळा मी ऐकलेलं कारण म्हणजे तारीख. "माझी तारीख कधी?" हा बालगृहातला सगळ्यात जुना प्रश्न आहे. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, असं कायदा म्हणतो. मुलाला त्यातलं काहीच कोणी सांगत नाही. कैद्याला निदान आपली शिक्षा किती ते माहीत असतं. कधी सुटणार हे माहीत नसलेल्या मुलाला भिंत दुप्पट उंच दिसते, आणि दुप्पट उंच भिंतीवर चढून जाण्याचं धाडसही त्यातूनच येतं.

आपल्याकडे भिंतीशिवाय माणसं थांबल्याचं एक उदाहरण आहे. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे कुलपाविना, शेती करत राहू लागले. गदिमांनी त्या बीजावर कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्या चित्रपटात भिंतीची जागा नावातल्या त्या दोन डोळ्यांनी घेतली आहे. डोळे पाळतीचे नाहीत, कोणीतरी आपली वाट बघतंय याची आठवण देणारे आहेत. मुलं कैदी नव्हेत, म्हणून ही तुलना फार ताणणार नाही. पण कुंपणाला चार तारा वाढवण्याचा प्रस्ताव मंजूर होतो आणि रात्री जवळ बसणाऱ्या एका बाईचं पद रिकामं राहतं, तेव्हा मला आटपाडी आठवते.

तो मुलगा सहाव्या दिवशी आला. दोन जिल्हे पलीकडच्या एका स्टेशनवर रेल्वे पोलिसांना सापडला होता. पायाला फोड, अंगात ताप, चपला कुठेतरी गेलेल्या. समितीपुढे उभं करून त्याला परत आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. पहिल्या अर्ध्या तासात त्याला किमान पाच जणांनी विचारलं, "कुठे गेला होतास?" मीही विचारलं. त्याने कोणालाच उत्तर दिलं नाही. आता वाटतं, तो प्रश्न आमच्यासाठी होता, आमच्या अहवालातला रकाना भरण्यासाठी.

स्वयंपाकाच्या मावशींनी त्याला चुलीशेजारी बसवलं आणि भात कालवून दिला. तो खाईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाळा, काय राहिलं होतं रे तुझं तिकडं?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याची धाकटी बहीण आधी त्याच आवारात होती. दहा वर्षांची झाल्यावर तिला मुलींच्या गृहात हलवलं, दुसऱ्या जिल्ह्यात. कागद बरोबर होते, आदेश बरोबर होता. तिला अंधारात झोप येत नाही, ओरडत उठते, हे मात्र त्या कागदांत कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते फक्त याला माहीत होतं. तिथल्या ताईंना तेवढं सांगायला तो निघाला होता. गाडी चुकीची निघाली.

अधीक्षक दारात उभे राहून ऐकत होते. रागीट माणूस, नोटिशीचं उत्तर अजून लिहायचं होतं. ते काही न बोलता कार्यालयात गेले आणि फोन लावून बाहेर आले. पलीकडच्या ताईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. मुलगी जेवली होती. झोपायला गेली होती. हो, पहिले काही दिवस फार रडायची. आता व्हरांड्यातला दिवा रात्रभर चालू ठेवतो आम्ही.

मुलाने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"तिची कॉट," त्याने विचारलं, "दिव्याकडच्या बाजूला आहे ना?"